एका सुताची चूक

कचेरीत त्यांना सगळे ट्रेसरबाई म्हणत. भूमापन खात्यातले जुने नकाशे पारदर्शक कागदावर उतरवून काढायचे, हे काम बाईंनी चौतीस वर्षं मान मोडून केलं. लग्न राहून गेलं. निरोपाच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तेही आठवड्याभरात बंद पडलं. ते घेऊन त्या कोपऱ्यावरच्या घड्याळजींकडे गेल्या आणि तिथूनच दोघांचं खूळ सुरू झालं.

घड्याळजी म्हणजे डोळ्याला भिंग लावून जगाकडे बघणारे बोलघेवडे विधुर गृहस्थ. जमिनीखालचा धातू हुडकणारं यंत्र त्यांनी हौसेनं घेतलं होतं, पण ते फिरवायचं कुठं याचा पत्ता नव्हता. बाईंना पत्ता होता; कचेरीनं रद्दीत काढलेले जुने नकाशे त्यांनी घरी जपून ठेवले होते. जुन्या नकाशात आहे आणि नव्यात नाही असं जे काही, मोडलेला बाजार, बुजलेली विहीर, तिथं माणसांच्या हातून काहीतरी पडलेलं असणारच, असा त्यांचा ठाम हिशेब. शेतमालकाची परवानगी काढून दोघं रविवारी निघत. घड्याळजी खणत, बाई छत्रीखाली बसून वहीत नोंद करत. सापडायचं काय, तर खिळे, बटणं, क्वचित एखादं झिजलेलं नाणं.

"मावशी, हंडा सापडला की मला विसरू नकोस हं," भाची फोनवर म्हणायची.

"तुला डबाभर खिळे देईन," बाई म्हणायच्या. एरवी त्यांना असं कुणी हसताना पाहिलं नव्हतं.

मग त्यांना एका नकाशात होड्यांचा धक्का दिसला. नदीनं पात्र बदललं होतं, आता तिथं माळ होता. पण एकेकाळी शेकडो माणसं तिथं भाड्यासाठी कनवटीला हात घालत असणार आणि चिल्लर चिखलात सांडत असणार. हद्दीचा एक जुना दगड अजून जागेवर होता. बाईंनी नकाशावर दगडापासून धक्क्यापर्यंत अंतर मोजलं आणि माळावर खुंटी ठोकली.

खुंटीभोवती दोन वर्षं यंत्र फिरवलं, खणलं. एक खिळादेखील निघाला नाही.

"बाई, तुमचा नकाशाच खोटा आहे," घड्याळजी शेवटी वैतागले.

"नकाशा खोटा नसतो. तुमचं यंत्र भंगार आहे."

"मग बसा तुमचा नकाशा घेऊन!"

आणि बाई खरोखरच बसल्या. एक वर्ष. कोपरा टाळण्यासाठी भाजीलासुद्धा लांबच्या रस्त्यानं जाऊ लागल्या. रविवार अंगावर यायचा. दोन कपांचा चहा टाकायची सवय मोडायला तीन महिने लागले.

एका दुपारी नकाशा ट्रंकेत ठेवण्याआधी त्यांनी एकदा उलगडला आणि त्यांची नजर घडीवरच्या फटीवर अडली. जुना नकाशा घडी घालता यावी म्हणून तुकडे करून कापडावर डकवलेला असतो. दोन तुकड्यांमध्ये अर्ध्या सुताची, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाची, फट ठेवतात. फटीवरून माप घ्यायचं नाही, फट वजा करायची, हे त्यांनी स्वतः कितीतरी नवशिक्यांना दरडावून शिकवलं होतं. दगड पहिल्या तुकड्यावर, धक्का तिसऱ्यावर. मध्ये दोन फटी, म्हणजे एक सूत. नकाशाच्या प्रमाणात जमिनीवर एकशे दहा फूट. खुंटी तेवढी पुढं पडली होती.

माप घेतलं तो दिवस त्यांना लख्ख आठवला. घड्याळजी शेजारी बसून कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल करत होते आणि बाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. चौतीस वर्षांत कामावर त्यांच्याशी गप्पा मारायला असं कुणी बसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या. वाटभर वाक्यं जुळवली होती. चूक कबूल करायची आणि रविवारी चला म्हणायचं. पण त्यांनी तोंड उघडलं मात्र, घड्याळजींनी भिंग काढलं आणि ते मनमोकळं हसले.

"अहो बाई, कुठं होतात? भांडण? छे हो, मी तर विसरूनही गेलो. आता रविवारी नात येते, तिच्यापुढं कशाची शुद्ध राहत नाही. ते यंत्र तुम्हीच घेऊन जा. घरात अडगळ झालीय."

त्यांनी राग धरला असता तर परवडलं असतं, असं बाईंना वाटलं. "बरं," म्हणाल्या आणि यंत्र घेऊन निघाल्या.

रविवारी त्या एकट्याच माळावर गेल्या. दगडापासून नीट माप धरलं. अर्ध्या तासात यंत्र वाजलं. गुडघ्यावर बसून खुरप्यानं उकरलं तर वीतभर खाली तांब्याचं नाणं, शेजारी दुसरं, मग तिसरं. हिशेब अचूक होता. बाईंनी आजूबाजूला पाहिलं. दाखवायला चिटपाखरू नव्हतं.

नाणी तिथंच ठेवून त्या उठल्या आणि पंचेचाळीस पावलं पुढं चालत गेल्या. त्या दोघांचे खड्डे अजून पुरते बुजले नव्हते. इथं जमिनीखाली काही नाही, हे आता त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथं त्या छत्री उघडून बसल्या, थेट उन्हं कलेपर्यंत.