फोडणाऱ्याचं नाव

तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उजाडायच्या आत ती इस्पितळाच्या लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीपुढं उभी असायची. दुपारपर्यंत चादरी, मग तोंडावर पाणी मारून थेट कॉलेज. हायस्कुलात इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांचा तो वर्ग. तिथं सगळे तिला 'कडक इस्त्री' म्हणत. तीही हसण्यावारी न्यायची. वाफेनं लागलेला खोकला मात्र हसण्यावारी नेण्यासारखा राहिला नव्हता. यंदा पास झाली तर लॉन्ड्री सुटणार होती.

वर्गाच्या मॅडम मार्क देताना हात आखडता घ्यायच्या. पाठाच्या टाचणात तिनं लिहिलं, 'मुलांना पॅसिव्ह व्हॉइस समजेल.' मॅडमनी 'समजेल'वर काट मारली.

"समजलं हे तुम्हाला कशावरून समजणार?"

"विचारीन ना, मॅडम."

"आणि ती हो म्हणतील. मग?"

तिनं ते फारसं मनावर घेतलं नाही. परीक्षेच्या पहिल्या पाठाला तिनं एका शाळेत फळा भरून शिकवलं, घसा बसेपर्यंत.

"समजलं का?"

"होऽऽ मॅडम!" अख्खा वर्ग एका सुरात.

तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मागं बसलेल्या मॅडमनी शेवटच्या बाकावरच्या मुलीला उठवलं आणि एक सोपं वाक्य पॅसिव्हमध्ये बदलायला सांगितलं. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. पाठ नापास. आता सगळी मदार दुसऱ्या पाठावर.

"वेडी आहेस का गं?" कॉलेजातली मैत्रीण म्हणाली. "आदल्या दिवशी पोरांकडून उत्तरं घोटून घ्यायची. मी तेच करणार आहे."

"डागावर इस्त्री फिरवली की डाग पक्का होतो."

"तुझी लॉन्ड्री ठेव बाजूला! तुला शिकवायचंय का पास व्हायचंय?"

दुसऱ्या पाठाच्या आदल्या दिवशी ती शाळेत गेलीसुद्धा. दारात घुटमळली, खोकली आणि तशीच मागं फिरली.

दुसऱ्या पाठाला तिनं 'समजलं का' हे तोंडातून काढलं नाही. बाकाबाकाशी गेली. प्रत्येकाकडून स्वतःचं एक वाक्य लिहून घेतलं. ज्याचं चुकलं त्याच्याशेजारी टेकली, पुन्हा सांगितलं, पुन्हा लिहायला लावलं. शेवटच्या बाकावर पोचली तेव्हा ती खिडकीवाली मुलगी आपणहून उभी राहिली.

"द विंडो वॉज ब्रोकन." मग डोळे चमकले. "मॅडम, हे बरं आहे की! यात फोडणाऱ्याचं नाव सांगावंच लागत नाही!"

वर्ग खदखदून हसला. मागं मॅडमही हसल्या. आणि घंटा झाली. सराव, उजळणी, गृहपाठ, सगळं टाचणातच राहिलं.

बाहेर मॅडम थांबल्या होत्या. "आज तुम्ही खरं शिकवलंत. पण निम्मा पाठ राहिला. त्याचे मार्क मी कुठून आणू?"

मॅडम उगीचच चष्मा पुसत राहिल्या.

निकाल फळ्यावर लागला. घोटून घेणाऱ्या मैत्रिणीला वरची श्रेणी. हिच्यापुढं लिहिलं होतं: 'पाठ अपूर्ण. अनुत्तीर्ण घोषित करण्यात येत आहे.'

"कुणी नापास केलं गं तुला?" घरी आईनं विचारलं. "त्या मॅडमनं?"

"तसं कुठं लिहिलंय? करणाऱ्याचं नाव सांगावंच लागत नाही, आई."

"हे काय कोडं? जा, भांड जाऊन!"

"काय म्हणून भांडू? पाठ निम्माच झाला, हे काही खोटं नाही."

आई पुटपुटत पाणी तापवायला गेली. रात्रभर दोघींपैकी कुणाला धड झोप लागली नाही.

पहाटे चारला ती उठली. इस्त्रीपुढं उभं राहून मिळवलेल्या पगारातलं जे काही बाजूला टाकलं होतं, ते त्या महिन्यात कॉलेजच्या फी भरायच्या खिडकीवर गेलं. त्यात तिला तेच वर्ष पुन्हा मिळालं.