शुक्रवारचं साडेचारचं विमान

जगन्नाथ अंबर्डेकरला कोणी मूर्ख म्हटलं की माझं डोकंच फिरतं. परवा मराठी मंडळाच्या पिकनिकला अतुल म्हणाला, “अंबर्डेकरने वेळेवर जॉब सोडायला हवा होता यार, सिंपल!” मी हातातली प्लेट खाली ठेवली आणि त्याला असं झापलं की त्याची बायको त्याला ओढून दुसऱ्या टेबलावर घेऊन गेली. सिंपल म्हणे! जगन्नाथ मूर्ख होता तर मी काय शहाणी होते? मी तर रोज त्यांच्या घरात असायचे.

आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, ते खाली, आम्ही वर. जगन्नाथ मुंबईहून टेक्सटाइलचा डिप्लोमा करून आला होता. इकडे त्या डिप्लोम्याला कोणी विचारेना, तेव्हा एका एअरलाइनच्या विमानं दुरुस्त करायच्या हँगरमध्ये सीटची कव्हरं शिवायच्या कामाला लागला. कंपनीचं नाव सांगत नाही. आता ती दुसरीच्या पोटात गेली, नाव घेऊन काय करायचंय? मंडळात सगळे इंजिनियर, डॉक्टर. ते पाठीमागे त्याला ‘विमानातला शिंपी’ म्हणायचे. त्याला कळायचं, पण तो मनाला लावून घ्यायचा नाही. उलट विमानात बसला की सीटच्या कडेवरून बोट फिरवून म्हणायचा, “सुमित्रावहिनी, ही टीप माझी.” एवढा जीव त्या कंपनीवर! मला तर कधीकधी रागच यायचा. नोकरी आहे बाबा, सासर नाही.

त्याची बायको प्रतिमा म्हणजे गरीब गाय. आणि एकच मुलगी, सुलेखा. पोर गोड, डोळे टपोरे, पण तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दीड वर्षाची झाली तरी हाकेला वळेना, तेव्हा कळलं. प्रतिमाला महिनाभर अन्न गोड लागलं नाही. मग हळूहळू त्या तिघांनी आपल्याआपल्यातच खुणा ठरवल्या. कपाळावर बोट टेकलं की आई. सुई ओढल्यासारखे हात केले की बाबा. गोल हात फिरवला की वरण-भात. माझी खूण काय, तर दोन्ही हात कमरेवर! असल्या पन्नासेक खुणा होत्या, आणि घर त्यांच्यावर झकास चालायचं. आम्ही हसायचो, तीही हसायची.

सहा वर्षांची झाल्यावर प्रश्न आला शाळेचा. अशा मुलांची निवासी शाळा होती पार राज्याच्या दक्षिण टोकाला, ड्राइव्ह करून सहा तास. एवढ्याशा पोरीला तिथे ठेवायचं? प्रतिमा म्हणाली, मी मरेन पण पाठवणार नाही. जगन्नाथ म्हणाला, “अगं, विमान आहे ना!”

खरंच होतं. त्या गावाला त्याच्याच कंपनीचं विमान जायचं. कंपनीच्या माणसाला नि त्याच्या बायकामुलांना पास असतो. सीट रिकामी असेल तर बसायचं, फुकट. शुक्रवारी त्याची ड्यूटी लवकर संपायची. तो दुपारच्या विमानाने तिकडे जायचा. शाळेच्या होस्टेलची बाई सुलेखाला घेऊन विमानतळावर यायची. विमान अर्धा तास थांबायचं आणि साडेचारला त्याच विमानाने दोघं परत. सातच्या आत पोरगी घरी. रविवारी दुपारी तसंच पोचवून यायचं. पुष्कळदा ओहेअर विमानतळावर घ्यायला मीच जायचे. ती धावत यायची आणि विमानात काय काय झालं ते हातांनी सांगायची. हवाईसुंदरीने चीज सँडविच दिलं, दोन दिली, खिडकीतून ढग दिसले. दोन वर्षं एक शुक्रवार चुकला नाही. बर्फातसुद्धा नाही.

आणि विमान नेहमी अर्धं रिकामं. आम्ही आपले खूश, पासवाल्यांना जागा हटकून मिळते म्हणून! रिकामं विमान कंपनी किती दिवस उडवणार, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. जगन्नाथच्या तर नाहीच नाही.

त्याच काळात शाळेने एक पत्र पाठवलं होतं. पालकांसाठी खुणांच्या भाषेचा वर्ग, इथेच, लायब्ररीत, दर मंगळवारी. शाळेत मुलं जी भाषा बोलतात ती घरच्यांनीही शिकावी म्हणून. प्रतिमा ते पत्र घेऊन वर आली. “जाऊ का हो सुमित्रावहिनी?” आणि मी, मी मेलीने काय सांगितलं? “कशाला गं? तुमच्या खुणा आहेत की. आणि सारखे हातवारे केलेस तर ओठ वाचायला कधी शिकेल ती?” तेव्हा सगळे असंच म्हणायचे. डॉक्टरही म्हणायचे. पण प्रतिमाने विचारलं मला होतं, आणि ऐकलं माझं. जगन्नाथही म्हणाला, दोन दिवसांना आपल्या खुणा पुरतात. ते पत्र तिने फ्रिजवर चिकटवलं आणि पुढे कधीतरी ते पडून गेलं.

त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात कंपनीने तो रूट कॅन्सल केला.

तेव्हा सगळ्याच एअरलाइन्सचं तेच चाललं होतं. सरकारने मोकळीक दिली होती, वाटेल तिथे विमान न्या, वाटेल तिथून काढून घ्या. मग मोठ्या शहरांसाठी मारामारी, आणि लहान गावं गेली उडत. त्या गावात म्हणे नऊ सीटचं कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीचं विमान येणार, तेही मंगळवारी नि गुरुवारी सकाळी. त्याला जगन्नाथचा पास चालत नव्हता, आणि चालला असता तरी मंगळवारचं विमान काय चाटायचंय? पण कंपनीने कामगारांना कागद वाटला, त्यात ‘हिवाळ्यापुरतं’ असं लिहिलं होतं. जगन्नाथने तो कागद मला दाखवला. “स्प्रिंगला परत सुरू करणारेत, वहिनी. चारपाच महिन्यांचा प्रश्न आहे.” मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही तिकडे जाऊन राहा, तिथे दुसरं काहीतरी काम बघा. तर म्हणाला, “बारा वर्षं झाली मला तिथे. सुलेखाच्या कानातल्या मशीनचा, डॉक्टरचा सगळा इन्शुरन्स तिथूनच येतो. आणि आता स्प्रिंगला सुरूच होतंय म्हटल्यावर?” कंपनीने लिहून दिलंय, म्हणजे झालंच. असा माणूस.

पहिले काही आठवडे त्याने गाडी काढली. सहा तास जायला, सहा यायला, रविवारी पुन्हा तेवढेच. पोर गाडीत बसून बसून पिवळी पडायची, घरी आली की झोपायची, आणि उठली की निघायची वेळ. मग दर पंधरा दिवसांनी न्यायचं ठरलं. डिसेंबरात हायवेवर बर्फाने गाडी घसरली, कठड्याला लागली, थोडक्यात वाचला. प्रतिमाने पाय धरले, आता बर्फ संपेपर्यंत जाऊ नका म्हणून. मी एकदा त्यांना घेऊन गेले. एकदाच. मलाही नोकरी होती, मलाही पोरं होती. आता वाटतं, काय बिघडलं असतं आणखी चारदा गेले असते तर?

जानेवारीत जगन्नाथला शनिवार-रविवारची ड्यूटी लागली. का, तर कंपनीला प्रत्येक विमानात आणखी दोन रांगा बसवायच्या होत्या. जेवण गरम करायच्या भट्ट्या काढून टाकल्या, सँडविच गेलं, शेंगदाण्याची पुडी आली, आणि त्या मोकळ्या जागेत सीटा. जुन्या जाड गाद्या काढून पातळ लावायच्या, सगळ्या पुढे सरकवायच्या, गुडघे टेकले तर टेकले. विमानं शनिवार-रविवारी रिकामी मिळायची, म्हणून काम तेव्हाच. ज्या दोन दिवसांत पोरगी घरी यायची, त्या दोन दिवसांत बाप रांगा बसवत होता. मी एकदा भडकून म्हटलं, नाही म्हणा ना त्यांना! तो म्हणाला, “नाही म्हणणाऱ्या चौघांना घरी बसवलंय, वहिनी.”

स्प्रिंग आला. रूट काही आला नाही. पुढचा कागद आला, ‘फॉलपर्यंत’, म्हणजे पानगळीपर्यंत. मग कागद यायचेच बंद झाले.

सुलेखा आता महिन्या-दीड महिन्याने यायची, मग नुसती सणाला आणि सुट्टीला. त्या वर्षी दिवाळीला आली तेव्हा मी चकल्या घेऊन खाली गेले. ती खुर्चीवर बसून भराभर हात हलवत आईला काहीतरी सांगत होती, आमच्या खुणांतलं त्यात काहीच नव्हतं. शाळेची भाषा. प्रतिमा हसतमुखाने मान डोलवत होती. मी विचारलं, काय म्हणतेय गं? प्रतिमा तशीच हसत मला म्हणाली, “मला काय ठाऊक, वहिनी?” आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. सुलेखाने ते पाहिलं. तिने हात मांडीवर ठेवले आणि पुढे काही सांगितलं नाही.

तेव्हा कुठे लायब्ररीच्या वर्गाची आठवण झाली. चौकशी केली, तर तो बंद झाला होता. दुसरा होता तो शिकागो शहरात, आणि तोही अशा वेळी की प्रतिमा तिच्या नोकरीवरून सुटलेलीही नसायची. एक पुस्तक आणलं, चित्रांचं. दोघं नवरा-बायको जेवल्यावर समोरासमोर बसून चित्रं बघून हात वळवायचे. मला बघवत नसे. सफरचंद, मांजर, निळा, पिवळा. एवढ्यावर लेकीशी काय बोलणार?

आता मे पंच्याऐंशीचं सांगते आणि संपवते. शाळेत पालकांचा दिवस होता. जगन्नाथने भांडून शनिवार सुट्टी घेतली, आणि मीही गेले, गाडी आलटून पालटून चालवायला. सुलेखा दहा वर्षांची झाली होती, उंच झाली होती. मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होती, सगळ्यांचे हात चाललेले, आणि ती अशी खिदळत होती की मी घरी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आम्हाला बघितल्यावर आली, नमस्कार केला. चांगली वागली. पाहुण्यांशी वागावं तशी.

पालकांसाठी शाळेने एक दुभाषी बाई ठेवली होती. केस पिकलेली, प्रेमळ. आम्ही एका वर्गात बसलो, बाकं लहान लहान. बाई म्हणाली, तुम्हाला मुलीला काही विचारायचंय का? प्रतिमा थांबली, पदर सारखा केला आणि तिला इंग्लिशमध्ये म्हणाली, “विचारा, तिला भूक लागलीय का.” स्वतःच्या पोटच्या पोरीला! बाईने विचारलं. सुलेखाने मान हलवली, नाही म्हणून.

मग बाई सुलेखाला म्हणाली, तुला काही विचारायचंय? मग जगन्नाथकडे बघून तिने सावकाश काहीतरी सांगितलं. बाईचा चेहराच बदलला. तिने पुन्हा विचारून खात्री करून घेतली आणि मग आम्हाला सांगितलं.

“ती म्हणतेय, मी काय केलं होतं? मी आठ वर्षांची असताना बाबा शुक्रवारी यायचे बंद झाले. मी बॅग भरून दारात बसायचे. पुष्कळ शुक्रवार बसले. मग मला वाटलं मी काहीतरी वाईट केलं असणार. ती विचारतेय, काय केलं होतं?”

कोणी सांगितलंच नव्हतं तिला! शाळेला वाटलं घरी सांगितलं असेल. यांना वाटलं शाळेत सांगतील. आणि हे तरी कसं सांगणार होते? त्या पन्नास खुणांत आई होती, बाबा होते, वरण-भात होता. कंपनीने रूट बंद केला, ही खूण कुठून आणणार? दीड वर्ष पोर मनात घेऊन बसली होती की आपलं काहीतरी चुकलं, म्हणून बाप न्यायला येत नाही.

जगन्नाथ उठून तिच्यासमोर खाली बसला, गुडघ्यांवर. त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागला. विमान बंद झालं गं बाळा, तू काही नाही केलंस, तुझ्यात काही वाईट नाही, मी रोज, रोज... आणि हे सगळं तो मराठीत बोलत होता. बाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. तिला मराठी कुठलं येणार? मी म्हटलं, थांबा, मी इंग्लिशमध्ये सांगते, म्हणजे तुम्ही तिला सांगा. आणि मी तोंड उघडलं, आयुष्यभर जिची जीभ कधी अडली नाही ती मी, तर माझ्या घशातून शब्दच फुटेना.

जगन्नाथ बोलतच होता. त्याने तिचे हात घट्ट धरून ठेवले होते, त्यामुळे तिलाही काही विचारता येत नव्हतं. ती नुसती आमच्या तोंडांकडे बघत होती, एकदा त्याच्या, एकदा माझ्या, एकदा आईच्या.