पुड्यावर नाव कुणाचं

वकिलाने माझ्या मसाल्याचा पुडा फोडला, वास घेतला. "वा! हा घरी नेतो," म्हणाला. मग पेन काढलं. "पूर्ण नाव?"

मी सांगितलं. आडनावाशी पेन थांबलं. त्याने गाव विचारलं, परत आडनाव विचारलं. मग पेनाच्या टोकाने पुडा कडेला ढकलला आणि कारकुनाला म्हणाला, "हे बाहेर ठेव." कारकुनाने तो चपलांच्या फळीवर नेऊन ठेवला.

जळगावातला मोठा वकील. व्यापाराची भांडणं त्याच्याकडेच न्यावीत, असं सगळे म्हणायचे. मी मूर्ख, पाटी बघून गेले.

नव्वदच्या पुढची गोष्ट. पिंप्राळ्यात मी सात वर्षं काळा मसाला करून विकत होते. 'पाटा छाप'. पुड्यावर पाट्याशी बसलेली बाई, ती माझी आई. मेहरूणच्या एका पेंटरने तिला समोर बसवून ते चित्र काढलेलं. माझा माल घेणाऱ्या घाऊक दुकानदाराने तेच चित्र, तेच नाव छापलं, आत गिरणीतला भुसा भरला आणि मला सांगितलं, "ताई, आता तुमचा माल नको."

आणि मी काय करून ठेवलं होतं? सात वर्षांत पुड्यावर माझं नाव कधी छापलंच नाही. खाली त्याच्या दुकानाचं नाव. सुरुवातीलाच तो म्हणाला होता, "नाव कशाला? लोक खाताना विचार करतात." मी मान डोलावली. बौद्धाच्या घरचा मसाला भाजीत कोण घालणार, हे मलाही पटलं होतं. लिहायला लाज वाटते, पण पटलं होतं.

वकील त्या दुकानदाराच्याही एक पाऊल पुढे गेला. "पुड्यावर नाव त्यांचं आहे. तडजोड करा. मसाला तुम्ही कुटा, नाव त्यांचं राहू द्या. तुमच्या नावाने कोण खाईल हो?"

मी उठले. फळीवरचा पुडा उचलून पिशवीत टाकला. रिक्षात बसले. राग त्याचा होता, त्याहून जास्त माझाच.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला आईकडे गेले. तिने सगळं ऐकलं. पुड्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं. "तठे मी बठेल शे. तू कोठे शे?"

मी पुडा पालथा घातला.

"नाव दपाडीसन कितला दिन जगशी?" ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

नाव लपवून जगायचं नाही, एवढं तिथे ठरलं. मग धुळ्यातच वकील शोधला. या वेळी पाटी बघितली नाही. जाऊन आधी आडनाव सांगायचं आणि विचारायचं, यानं काही अडतं का? पहिला म्हणाला, "छे छे, आम्ही तसलं मानत नाही," आणि पाऊण तास आपल्या मनाचा मोठेपणा सांगत बसला. केसबद्दल चकार शब्द नाही. मी चहा न पिता निघाले.

दुसरा सायकलच्या दुकानावरच्या खोलीत बसायचा. म्हणाला, "ते राहू द्या. पहिला पुडा कधी विकला? चित्राची, छपाईची पावती कुणाच्या नावावर?"

पावत्या माझ्या नावावर होत्या. पेंटरची होती, छापखान्याचीही. त्याने एकेक वाचली. म्हणाला, छापाची नोंदणी नसली तरी आधीपासून वापर कुणाचा, हे कोर्ट बघतं. जिंकालच असं सांगत नाही. वर्षं जातील.

मग म्हणाला, "ताई, दाव्यात पूर्ण नाव येणार. त्यांचा वकील भर कोर्टात तुम्हाला जात विचारेल. गावभर होईल. असलेलं गिऱ्हाईकही तुटेल."

सात वर्षं याच भीतीने मी वाकले होते. मी वकीलपत्र ओढलं आणि सही केली. आडनावासकट, ठळक. तिथून थेट छापखान्यात गेले. नव्या पुड्यावर चित्राखाली माझं पूर्ण नाव घाला म्हटलं, लांबूनही वाचता येईल एवढं.

वर्षं गेली, तारखा अजून चालूच आहेत. गिऱ्हाईक तुटलं, बरंच तुटलं. तुटू दे. माझा मसाला हवा असेल, तर माझ्या नावाने खा. नाहीतर अळणी जेवा.