ओटीतून ओटीत

मीच दिलेला ब्लाऊजपीस दोन वर्षांनी माझ्याच ओटीत परत आला. निळा, झिरझिरीत, कोपऱ्यात माझ्याच हातून सांडलेल्या चहाचा डाग. आमच्याकडे यात नवल नाही. असले पीस कोणी शिवत नाही, ते नुसते या ओटीतून त्या ओटीत जातात. पण त्या दिवशी माझं डोकं सणकलं. लेकीच्या लग्नात बायकांना अंगात घालता येईल असंच कापड द्यायचं, मी ठरवून टाकलं.

वसमतला आमचे नेहमीचे कापडवाले चाचा आहेत. समोरच्या गठ्ठ्यावर हात ठेवून त्यांना विचारलं, "हे कुठं विणलंय?"

चाचा हसतच सुटले. "उमर गेली दुकानात, पण हे कुणी इचारलं न्हाई!" मग त्यांनीच चुलत बहिणीचा पत्ता दिला. तिच्या घरी हातमाग होता.

गेले. तिचं मऊ सुती कापड हातात घेतलं आणि मला हावच सुटली. जवळच्या वीस जणींपुरतं सांगून टाकलं. निघताना तिनं विचारलं, "ताई, शिवतील ना? का पेटीत ठेवतील?"

"शिवतील," मी ठासून सांगितलं, आणि रस्त्याला लागल्यावर कोण कोण शिवेल ते बोटांवर मोजायला लागले. शब्द तर देऊन बसले होते.

लग्नात मोठ्या नणंदेनं, अक्कांनी, पीस उलटसुलट करून पाहिला. "आवो वैनी, कोण शिवतंय? फिरवायलाच नेतात समद्या." त्यानंतर कुठंही हळदीकुंकवाला गेले की घरी येऊन आधी ओटी सोडायची. आपलाच पीस तर आला नाही ना, याची धास्ती.

हळद शिजवायच्या दिवसांत सिद्धेश्वरकडे अक्कांच्या शेतावर गेले. वाफेतून अक्का बाहेर आल्या, कोपरापर्यंत पिवळ्याधमक, आणि अंगात त्याच कापडाचं ब्लाऊज!

"काय बघून राहिल्या?" अक्का करवादल्या. "घामाला बरं वाटतंय. तीन दिस झाले, हेच धुऊन घालून राहिले."

मी मिठीच मारली त्यांना. माझी साडीही पिवळी झाली, होऊ दे म्हटलं.

तिथूनच विणणारीला फोटो पाठवला. लगेच तिचा फोन.

"ताई, बाही लई घट्ट शिवली. कोणत्या टेलरकडं दिलं?"

मला हसू आवरेना. ती मात्र म्हणाली, "माझं कापड कुणाच्या अंगावर पयल्यांदा बघून राहिले."