दर्याकडचा राब

लेफ्टनंट म्हणून माझं पहिलं पोस्टिंग सीमेजवळच्या एका फील्ड हॉस्पिटलात झालं. युद्ध लागायच्या आदल्या संध्याकाळी ब्लॅकआउटचा हुकूम आला. अंधार पडता पडता मला एका तंबूमागे उजेड दिसला. नायक शिंदे, आमचा साताऱ्याचा नर्सिंग असिस्टंट, तीन विटांवर पातेलं ठेवून बसला होता.

"विझव."

"सिस्टर, च्याचं आधण हाय. उकळी आली की लगेच..."

मी पातेलं विस्तवावर उपडं केलं. तो वाफेकडे बघत राहिला.

"ह्ये तुमी ट्रेनिंगला न्हाई शिकला," तो म्हणाला. "घरनंच आणलंय."

त्याने बरोबर ओळखलं होतं. तेव्हा मी पुढच्या तंबूकडे निघून गेले. आता पेन्शनीत आहे, सांगते.

आमचं घर रत्नागिरीत, खाडीकडे उतरणाऱ्या एका वाडीत होतं. १९५०नंतरची, मी पहिली-दुसरीत असतानाची गोष्ट. मधे चिऱ्यांचा गडगा आणि पलीकडे हसनचाचांचं घर. हसनचाचा मचव्याचे तांडेल, म्हणजे शिडाच्या होडीचे कप्तान; किनाऱ्याने मालाची ने-आण करायचे. माझे वडील, आबा, त्यांना हसन्या म्हणत. ते आबांना खोत म्हणून चिडवत, कारण आबांची जमीन चार चटया पसरल्या तर संपेल एवढीच. गडग्याला आम्हा मुलांनी खिंडार पाडलं होतं. ते कोणत्याच घराने बुजवलं नाही.

सकाळी मी हसनचाचांच्या बायकोच्या, जुलेखाचाचीच्या, चुलीपाशी सापडायची. आंब्याच्या दिवसांत ती सांदणं उकडायची.

"काय गो, घरात तुला उपाशी ठेवतात काय?"

"हो."

"आईला सांगू?"

"नको."

"ऐकतंय हां मी," गडग्यापलीकडून आई म्हणायची.

आई आणि चाची लावणी एकत्र करत. दर्याकडच्या उतारावर आबांचा भाताचा एक तुकडा होता. त्याचं पीक दोन्ही घरांत निम्मं निम्मं जायचं.

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक होते. मचवा अंधार पडल्यावर यायचा निरोप असेल तर चाची वर, सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या पठाराच्या, टोकाला, ठरलेल्या कातळावर झावळ्या पेटवून बसायची. ती आग नाकासमोर धरून आलं की खडक चुकायचे. त्यामुळे वाडीचा नियम होता. एकही होडी बाहेर असेल तर दर्याकडच्या अंगाला सांजेनंतर विस्तव करायचा नाही. चूलसुद्धा दार लोटून घेऊन. आम्ही मुलंही एकमेकांना दटावायचो.

त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस दुपारीच आभाळ भरून आलं. आबांचा दर्याकडच्या तुकड्यावरचा राब भाजायचा राहिला होता. भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, तोडलेल्या डहाळ्यांचे टाळे, सुका पातेरा पसरून तो जाळावा लागतो. भिजला तर पेटत नाही आणि मग रोप धड येत नाही. वाडीतल्या होड्या वर ओढून झाल्या होत्या. मचवा तेवढा जयगडला होता. असल्या हवेत तांडेल तिथून निघणार नाही, असं सगळेच धरून चालले होते. तरी आबांनी गडग्याशी जाऊन विचारलं.

"वहिनी, राब लावू काय?"

चाचीने आभाळाकडे पाहिलं. "लावा. ते आज येत नाहीत."

आबांनी वाऱ्याच्या उलट अंगाने राब लावला, म्हणजे सावकाश जळावा. दिवस मावळता वारा फिरला आणि राब एकदम भडकला. वाळत घातलेली सुकट गोळा करायला चाची घराखालच्या कातळावर गेली होती. तिथून तिची हाक आली.

"विझवा! शीड दिसतंय!"

आबा फावड्याने माती ओढू लागले. आई आणि मी ओंजळीने. राब असा विझत नाही. वरून काळा पडतो आणि बाजूने पेटतो. चाची सड्याच्या टोकाकडे धावली. तिथे त्या दिवशी एकही झावळी रचलेली नव्हती.

शीड थोडा वेळ सरळ येत होतं. मग ते आमच्याकडे वळलं.

आबा उतारावर पुढे जाऊन दोन्ही हात हलवत ओरडत होते. त्या वाऱ्यात मला, शेजारी असून, त्यांचे शब्द कळत नव्हते. मग शीड आडवं झालं. वाडीतल्या माणसांनी एक होडी पाण्यात लोटली, पण खाडीचं तोंड त्यांना ओलांडता आलं नाही.

मचव्यावर चौघे होते. भिकू खलाशी तेवढा खडकांवरून जिवंत वर आला. सकाळी चाचीच्या ओटीवर बसून त्याने सांगितलं. वादळाआधी मचवा घरी ओढून ठेवावा म्हणून तांडेलाने जयगड सोडलं होतं.

"आग दिसली तसा तांडेल हसला. म्हणाला, निरोप नाही धाडला तरी बसलीय बघ."

"आणखी काय म्हणाला?" चाचीने विचारलं.

"एवढंच."

आबा खिंडारात उभे होते. ते तिथूनच मागे फिरले. त्या दिवसापासून ते गडग्याकडे गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आईला सांगितलं, दर्याकडचा तुकडा आता पडीक राहील. आईने ते चाचीला कळवलं. वर्षभर निरोप तिच्यामार्फतच जात होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चाची करवंटीत निखारे घेऊन आमच्या अंगणात आली.

"राब नाही भाजायचा?"

"नाही, वहिनी."

"मग पोरांना माती घालू खायला?"

आबा आत जायला वळले.

"लावा म्हणून मी सांगितलेलं. तुम्ही एकटेच घेऊन बसलाय सगळं. माझ्या वाट्याचं मला द्या."

तिने करवंटी पुढे केली. आबांचे हात उचलले गेले नाहीत. शेवटी आईने ती घेतली. दोघींनी शेतावर जाऊन टाळे पसरले आणि उन्हातच राब लावला. ज्वाळा दिसतसुद्धा नव्हती, नुसती हवा थरथरत होती. आबा बांधावर बसून राहिले, समुद्राकडे पाठ करून.

पुढे नोकरीत मी मेलेल्या जवानांच्या गळ्यातल्या डिस्कवरची नावं वाचून रजिस्टरात चढवली. ही तीन नावं कुठल्या रजिस्टरात नाहीत, म्हणून इथे लिहिते. हसन तांडेल. गणू खलाशी. हसनचाचांचा धाकटा भाऊ दाऊद.

पहिले दोघे तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागले. दाऊद सापडला नाही.