पुसला की पुन्हा येणारा बुडबुडा

बुधवारी कस्तुरा ओव्हाळ यांनी चाळीस रेडिएटर तपासून प्रत्येकावर आपला सात नंबरचा शिक्का मारला. गुरुवारी आमच्या चाकणच्या कारखान्याला सुट्टी. शुक्रवारी सकाळी ग्राहक कंपनीचे इन्स्पेक्टर ज्ञानेश आले. त्यांनी एक रेडिएटर उचलला, त्यात हवा भरली आणि पाण्याच्या टबात बुडवला. अंगभर बुडबुडे उमटले. दुसरा बुडवला, तेच.

“सगळे गळके दिसतायत. शिक्का कुणाचा?”

कस्तुरा पुढे आल्या. देहूरोडहून कंपनीच्या बसने येणारी, आठवी शिकलेली बाई. एकोणीस वर्षे याच टबाशी उभी, पण नोकरी कंत्राटी. शिक्का गेला की उद्या गेटवर पास मिळणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. मी डिस्पॅचची कागदपत्रे घेऊन उभा होतो. गाडी अकराला निघायची होती.

“मावशी, डोळे तपासून घ्या आता,” आमचे मॅनेजर शेखर सर म्हणाले.

“डोळे शाबूत आहेत, सर. टब कधी भरला?”

“आज सकाळीच. काल सुट्टीत धुवून घेतला.”

“मग रेडिएटरमधली हवा सोडून द्या.”

ज्ञानेश यांनी हवा सोडली. बुडबुडे जागचे हलले नाहीत.

“बघा. ही आतली हवा नाही, पाण्यातली आहे. नळाच्या ताज्या पाण्यात हवा मुरलेली असते. पाणी कोमट व्हायला लागलं की ती बाहेर पडते आणि खरबरीत जागा धरून बसते. गॅसवरच्या पातेल्यात उकळायच्या आधी तळाला दिसतात ना, तसे. गळतीचा बुडबुडा बसून राहत नाही. पुसला तरी त्याच जागी पुन्हा येतो.”

त्यांनी पुन्हा हवा भरायला लावली आणि रेडिएटरवरून तळहात फिरवला. सगळे साफ. नवा एकही आला नाही.

“झालं तर!” शेखर सर हसले. “साहेब, करा सही.”

“थांबा,” कस्तुरा म्हणाल्या. “एवढ्या गर्दीत एखादा खरा लपला असेल तर? सगळे पुसून बघते.”

“अहो बाई, सुटलात ना! गाडी उभी आहे,” शेखर सर दबक्या आवाजात म्हणाले.

पण कस्तुरांनी सुरुवात केली होती. हवा भरायची, बुडवायचा, पुसायचा, तीसपर्यंत मोजायचे. सतराव्याला हात थांबला. नळीच्या जोडाशी मोहरीएवढा बुडबुडा. पुसला. एक, दोन, तीन, चार, पुन्हा आला. पुसला. पुन्हा चारलाच.

ज्ञानेश फोनवर बोलत होते. शेखर सरांनी मात्र पाहिले आणि हळूच मान हलवली. नको. रेडिएटरवर बुधवारचा सात नंबर स्पष्ट दिसत होता.

कस्तुरांनी तो बाहेर काढून त्यावर लाल खडूने फुली मारली.

“हा गळतोय, साहेब. माझ्याच हातून सुटला.”

ज्ञानेश यांनी फोन ठेवला. रेडिएटर पुन्हा बुडवायला लावला, स्वतः पुसून मोजले. चार.

“राहिले किती?”

“तेवीस.”

“तपासा तुम्हीच. शिक्काही तुमच्याकडेच राहू दे,” असे म्हणून त्यांनी स्टूल ओढले.

गाडी पावणेबाराला निघाली. चलनावर मी चाळीस खोडून एकोणचाळीस केले आणि शेखर सरांची सही घेतली.