"वा साहेब" म्हणाला म्हणून बाद

किसनला मीच बाद केलं होतं.

आज सकाळी वलगावात तो वारला. आज लिहिलं नाही तर हे माझ्यासोबतच जाईल.

एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात. किसन अमरावतीच्या एका क्लबात टेनिसचा मार्कर होता. मार्कर म्हणजे पगारी खेळाडू. रोज साहेब लोकांशी खेळायचं, त्यांना शिकवायचं आणि त्यांचा शॉट जरा बरा पडला की "वा साहेब!" म्हणायचं.

दहा वर्षांत ते त्याच्या जिभेवरच बसलं. गावात बैलानं वळण नीट घेतलं तरी हा म्हणायचा, "वा साहेब!"
आम्ही हसून लोळायचो.

एका वर्षी अकोल्याच्या मार्करशी त्याची मॅच लावली. जिंकेल तो क्लबचा कायमचा कोच.
अंपायर मी. त्याच्याच गावचा, कॉलेजात शिकलेला, इंग्रजी नियम वाचता येणारा.

पहिला सेट किसननं घेतला. दुसऱ्यात अकोलेवाल्यानं झकास शॉट मारला आणि बॉल हवेत असतानाच किसन ओरडला, "वा साहेब!"

मी ताकीद दिली. त्यानं कान पकडले.
दोन मिनिटांत पुन्हा तेच.

अकोलेवाला भडकला. "हा मले चिडवून राहिला! मी काहून साहेब?"

तिसऱ्यांदा झालं तेव्हा क्लबच्या सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याच शब्दावर मला शाळेत नोकरी लागणार होती.

किसनच्या बाजूनं फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माझी हिंमत झाली नाही.

"खेळाला न शोभणारं वर्तन. किसन बाद."

"काय केलं बे मी?"
एवढंच म्हणाला. मग सवयीनं सगळे बॉल गोळा करून माझ्या खुर्चीपाशी ठेवले आणि गेला.

कोच अकोलेवाला झाला. किसन जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत राहिला. आणि मी शाळेत पोरांना खिलाडूवृत्ती शिकवली.
लाज वाटते.

मागच्या महिन्यात त्याच्या खाटेशी बसून म्हणालो, "किसन, मले मालूम होतं रे."

तो भिंतीकडे पाहत होता. "मले वाटलं, तू सांगशीन त्याईले. हा असाच बोलते म्हणून."

मी माफीही मागितली नाही. कोणत्या तोंडानं मागू?

आज स्मशानात त्रिशरण झालं, सारे पांगले. मी एकटाच बसून होतो. तेव्हाचं ते वाक्य आता इथे लिहितो.

ऐका सारे. किसन असाच बोलते. कोणाले चिडवत नव्हता तो.

सांगितलं रे, किसन.
जाय आता.